पोटाखालची जमीन

नागपूरहून रायपूरला यायला विमानाला पन्नास मिनिटं लागतात. त्यातली शेवटची बारा मिनिटं कामाची, आधीची सगळी गप्पांची, असं कॅप्टन अर्चना खानझोडे नव्या मुलामुलींना हसत सांगायची. सतरा वर्षं ती विमान चालवत होती. रायपूरच्या शंकर नगरात तिचं घर. वडील रेल्वेत होते; ते गेल्यावर घरात ती आणि आई, पद्मिनीबाई, अशा दोघीच. त्या डिसेंबरात तिची पाळी सोपी होती. संध्याकाळचं विमान घेऊन नागपूरला जायचं, तिथं हॉटेलात झोपायचं, सकाळी सातचं विमान घेऊन परत घरी. विमानही लहानच, दोन पंख्यांचं, सत्तर माणसांचं. शेजारच्या खुर्चीत आठवडाभर एकच सहवैमानिक, निधी ठवकर. सव्वीस वर्षांची, घराणं भंडाऱ्याचं पण जन्म भिलाईचा. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

"तू मराठीत कधी बोलशील गं?"

"जिस दिन आप मुझे कोहरे में लैंडिंग करने देंगी, मॅडम."

"मग राहू दे. हिंदीच गोड आहे तुझी."

डिसेंबरातलं धुकं रायपूरला नवं नाही. धानाची कापणी उरकलेली असते, शेतांत उरलेले खुंट पेटवलेले असतात; तो धूर, भनपुरीकडच्या कारखान्यांचा धूर आणि थंडी, तिन्ही मिळून सकाळी शहरावर मळकट दुलई पसरते. वरून पाहावं तर लख्ख ऊन आणि खाली पांढरं पटांगण. आत शिरलं की काचेबाहेर काहीच उरत नाही. नव्या रायपूरचे ते रुंद, रिकामे रस्ते, तळी, शेतं, सगळं पुसलेलं.

अशा वेळी वैमानिक बाहेर बघत नाहीच. धावपट्टीच्या टोकाशी बसवलेली यंत्रं आकाशात दोन लहरी सोडतात. एक डावं-उजवं सांगते, दुसरी वर-खाली. पडद्यावरचे दोन काटे मधोमध ठेवले की विमान एका तिरक्या वाटेनं बरोबर धावपट्टीवर येतं. उंची सांगणारी यंत्रंही दोन असतात. एक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं; रायपूरची जमीनच हजार फुटांवर, तेवढे त्यातून वजा करायचे. दुसरं विमानाच्या पोटाला बसवलेलं. ते खाली लहर फेकतं, ती जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते पाहतं, आणि पोटाखालची जमीन किती फूट दूर आहे ते दाखवतं. पहिलं यंत्र अंदाजानं बोलतं म्हणा, दुसरं चाचपून बोलतं.

सोमवारी सकाळी हे दुसरं यंत्र पहिल्यांदा चुकलं.

धावपट्टी तेरा किलोमीटरवर होती. काटे मधोमध. पोटाखाली बावीसशे फूट असायला हवे होते आणि होतेही. मग आकडा एकदम सतराशेवर आला. चार सेकंद तिथंच राहिला आणि पुन्हा बावीसशेच्या जागी गेला.

"मॅडम, ये देखा आपने?"

"पाहिलं. खाली टेकडी आहे का इथं?"

"यहाँ? यहाँ तो सब रोटी बेलने के पाट जैसा है."

अर्चनाला हसू आलं. एखादा ट्रक, एखादं पत्र्याचं छप्पर, नाहीतर नव्या मोबाईल टॉवरच्या लहरी. असं कधी कधी होतं. विमान नेहमीसारखं उतरलं. घरी जाऊन तिनं आईच्या हातचा उपमा खाल्ला आणि झोपली.

मंगळवारी त्याच जागी आकडा अकराशेवर आला.

यावेळी तिनं विमानाच्या वहीत तक्रार लिहिली. वेळ, अंतर, दोन्ही आकडे, सगळं नीट. रायपूरला विमानाची देखभाल निरंजन बघायचा, दुर्गचा, कपाळावर चष्मा चढवून फिरणारा मुरलेला अभियंता. त्यानं पोटाखालच्या, लहर फेकणाऱ्या आणि झेलणाऱ्या, दोन्ही तबकड्या पुसल्या, वायर बदलली, तासभर यंत्र चालवून पाहिलं, आणि तिच्या तक्रारीखाली अशा वह्यांत असतं ते वाक्य लिहिलं: जमिनीवर तपासले, दोष आढळला नाही.

"निरंजन, जमिनीवर ते काय चुकणार? जमिनीवर जमीन शून्यावरच असते."

"तेच तर, मॅडम. वर माझी शिडी पोचत नाही," तो म्हणाला. मग चष्मा डोळ्यांवर ओढून जरा गंभीर झाला. "बाकीच्या कुणाला दिसतंय का असं?"

तिनं विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात फोन करून विचारलं. त्याच वाटेनं दिवसाला वीसेक विमानं उतरत होती. कुणाचीच तक्रार नव्हती.

"उद्या तुम्हाला दुसरं विमान देतो," निरंजन म्हणाला. "म्हणजे विमानाचा दोष की जागेचा, ते तरी कळेल."

बुधवारी विमान दुसरं होतं. यंत्र दुसरं, तबकड्या दुसऱ्या, वायर दुसरी. धुकं तेच.

तेरा किलोमीटरवर आल्यावर दोघींनीही नकळत बोलणं थांबवलं. आकडा बावीसशेवरून सुटला तो चारशेवर येऊन थांबला. आणि विमान बोललं. जमीन जवळ आली की सांगण्यासाठी त्यात एका पुरुषाचा आवाज भरलेला असतो, कोरडा, घाईचा. तो म्हणाला, "फाइव्ह हंड्रेड." आणि लगेच, "टू लो, गिअर." जमीन आली आणि तुम्ही चाकं काढली नाहीत, असा त्याचा अर्थ.

चाकं काढायला अजून वेळ होता. धावपट्टी तेरा किलोमीटर दूर होती.

पण अर्चनाच्या अंगावर काटा आला तो आवाजानं नाही. विमान जमिनीजवळ आलं की पंख्यांची घरघर खाली आपटून वर येते, जराशी जाड होऊन. वर्षानुवर्षं ऐकून ती कानात बसलेली असते. ती घरघर तिनं आता ऐकली. दाबाचं यंत्र सांगत होतं की खाली दोन हजार फूट मोकळी हवा आहे. पंख्यांचा आवाज सांगत होता की नाही.

सात सेकंदांनी आकडा परत गेला. उतरेपर्यंत निधी फक्त कामापुरतं बोलली. विमानतळावरच्या चहाच्या टपरीपाशी तिनं कागदी रुमालावर पेनानं तीन आकडे लिहिले. सतराशे. अकराशे. चारशे. चौथी जागा मोकळी ठेवली आणि रुमाल अर्चनाकडे सरकवला.

"रोज पाचशे-सातशे ऊपर आ रहा है, मॅडम."

"काय वर येतंय?"

निधीनं खांदे उडवले. "जो भी नीचे है."

अर्चनानं रुमाल चुरगाळून कपात टाकला. पण उद्या गुरुवार होता हे तिच्या डोक्यातून जाईना. पद्मिनीबाई मावशीकडे नागपूरला गेलेल्या, आणि गुरुवारी सकाळी लेकीच्याच विमानानं परत येणार होत्या. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. संध्याकाळी महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन, पाच कुमारिका जेवायला सांगितलेल्या. तिनं नागपूरला पोचल्यावर आईला फोन लावला.

"आई, तू रेल्वेनंच ये ना. सकाळची गाडी आहे."

"काहून? ते दुपार करते दुर्गाले पोचतापोचता. माही पूजा कवा होईल? तिकीट तूच काढलं नं?"

"धुकं आहे खूप."

"मंग तू तं चालवूनच राहिली नं धुक्यात. तुले चालते अन् मले नाई?" पद्मिनीबाई हसल्या. "उपास असला तरी मी घाबरत नाई. अन् ते ठवकरांची पोट्टी येऊन राहिली नं संध्याकाळी? पाचवी कुमारिका तेच आहे."

मग तिनं कंपनीतल्या वरिष्ठ वैमानिकाला फोन केला. तो शांतपणे ऐकून घेत होता. यंत्र तपासलं, विमान बदललं, बाकी कुणाला काही नाही. हे सगळं तिनंच त्याला सांगितलं आणि सांगता सांगता तिचं तिलाच ते पोकळ वाटलं. "थकली असशील तर सुट्टी घे, अर्चना," तो म्हणाला. हे वाक्य कागदावर उतरलं की काय होतं ते तिला माहीत होतं: तपासण्या, आणि तोवर उड्डाण बंद. पण सुट्टी न घेण्याचं खरं कारण ते नव्हतं. तिनं सुट्टी घेतली तर आईला घेऊन दुसरं कुणीतरी येणार होतं, ज्यानं ती घरघर ऐकली नव्हती.

गुरुवारी अठ्ठावन्न प्रवासी होते. पद्मिनीबाई सातव्या रांगेत, खिडकीशी. पांढऱ्या-लाल काठाचं पातळ, मांडीवर नारळाची पिशवी, हातात तुळशीची माळ. विमानात शिरताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला. अर्चनानं कॉकपिटचं दार लावून घेतलं.

आठ वाजता विमान रायपूरच्या धुक्यात शिरलं. अर्चनानं निधीला आधीच ठरवून सांगितलं होतं: चाकं लवकर काढू, म्हणजे निदान तो एक इशारा येणार नाही. आकडा घसरला तर चारपाच सेकंद दुर्लक्ष करू, काटे आणि दाबाचं यंत्र जुळतंय एवढं पाहू.

तेरा किलोमीटर. आकडा घसरला. आठशे, पाचशे, दोनशे. थांबला नाही.

"टेरेन. टेरेन. पुल अप."

जमीन आली, वर उचला, असं सांगणारा हा आवाज समोर काही दिसत नसताना आला तर विचार करायचा नसतो. हे वैमानिकाच्या हाडात भिनवलेलं असतं. अर्चनाच्या हातांनी तिच्या डोक्याला न विचारता नाक वर उचललं, पूर्ण ताकद दिली. विमान धुक्यातून वर, उन्हात आलं. मागं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

"फिर से करेंगे?" निधीनं विचारलं.

इथंच अर्चना चुकली, असं तिला पुढे वाटत राहिलं. तेव्हाच जबलपूरला निघून जाता आलं असतं, तेवढं इंधन होतं. पण हे खोटं आहे, खाली जमीन नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि माहीत असलेल्या गोष्टीला घाबरून पळायचं तिला जमेना. तिनं मनोऱ्याला दुसरा प्रयत्न करतो असं कळवलं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून येता येईल का, तेही विचारलं. तर एवढ्या धुक्यात तिकडून उतरवण्याची सोय नव्हती. त्याच वाटेनं यावं लागणार होतं.

दुसऱ्यांदा आकडा साठपर्यंत गेला. पुन्हा तोच आवाज. पुन्हा हात आपोआप वर.

उन्हात आल्यावर निधीनं इंधनाच्या काट्यावर बोट टेकवून दाखवलं. मनोऱ्यानं कळवलं की मागं नागपूरही आता धुक्यानं बंद झालंय. जबलपूर पल्ल्याबाहेर गेलं होतं. आता एकच उतरणं उरलं होतं, आणि ते याच वाटेनं.

"निधी, ऐक," अर्चना म्हणाली. आवाज अगदी हळू, आई देवघरात बोलते तसा. "आता तो आवाज आला तरी मी वर जाणार नाही. तू फक्त दाबाची उंची वाचत राहा. दुसऱ्या आकड्याकडे बघूच नको."

"और अगर वो सच हुआ तो?"

"मग आपल्याला कळणारही नाही."

निधीनं मान हलवली. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अर्चनानं हात लांबवला आणि जमिनीचा इशारा देणारं बटण स्वतःच्या बोटानं बंद केलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. आता 'पुल अप' येणार नव्हतं. नुसते आकडे बोलले जाणार होते.

धुकं.

"चौंतीस सौ," निधी वाचू लागली. "तैंतीस सौ. सुई बीच में. बत्तीस सौ पचास."

तेरा किलोमीटर.

"वन हंड्रेड," विमान म्हणालं.

"बत्तीस सौ," निधी म्हणाली.

"फिफ्टी. फॉर्टी."

पंख्यांची घरघर जाड झाली. खालून वर येऊ लागली. हवेच्या झोतातून वास आला. ओल्या चिखलाचा, आषाढात धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू असते तेव्हाचा. बाहेर थंडीचा महिना होता. शेतांत जळके खुंट होते.

"थर्टी. ट्वेंटी."

अर्चनानं खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं बघितलं.

नाकाच्या खाली धुकं नव्हतं. हिरवं होतं. ओळीनं लावलेली रोपं, त्यांच्यामधलं पाणी, पाण्यात बायका वाकलेल्या. ताडाच्या उंचीवरून दिसाव्यात इतक्या जवळ. त्यातली एक कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि तिनं वर पाहिलं. गाडीची वाट पाहत असलेली बाई गाडी आल्यावर पाहते, तसं.

"टेन."

निधीचा आवाज थांबला होता.

चाकांना काहीतरी लागलं. धक्का नव्हे. गादीवर पाय ठेवल्यासारखं मऊ.

अर्चनानं काट्यांवर डोळे रोवले. दोन्ही मधोमध होते. ती मनात देवीचं नाव घेत होती आणि घेता घेता पुढचं अक्षर विसरत होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"इकतीस सौ," निधी म्हणाली.

पोटाखालचा आकडा एकवीसशेवर होता. बाहेर पांढरं होतं.

"इकतीस सौ. सुई बीच में," निधी पुन्हा म्हणाली. तिचा आवाज आता अगदी सरळ होता. हात मांडीवर मोकळे होते.

त्यानंतर काहीच झालं नाही. दोनशे फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसले, चाकं खऱ्या डांबरावर टेकली, विमान हळू झालं. प्रवाशांनी मागं टाळ्या वाजवल्या. तीनदा प्रयत्न करून उतरलं की वाजवतात. अर्चनानं पट्टा सोडला. ती कॉकपिटच्या खिडकीतून प्रवाशांना उतरताना पाहत राहिली. मागच्या दारातून, शिडीवरून, एकेक करून, सावकाश. केबिन सांभाळणाऱ्या गंधालीनं मोजून सांगितलं, अठ्ठावन्न. सगळ्यांत शेवटी पद्मिनीबाई उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी खालचं डांबर नीट निरखलं आणि मगच पाय ठेवला.

निधीनं अर्चनाच्या पाठीवर हात ठेवला. "शाम को आती हूँ, मॅडम. आंटी से कहिए भूखी आऊँगी."

घरी येताना गाडीत पद्मिनीबाई गप्प होत्या. उपासानं असेल, असं अर्चनाला वाटलं. तिनंही काही विचारलं नाही. आपण आईला घरी आणलं, सगळ्यांना आणलं, एवढंच ती मनात घोळवत होती.

दुपारी कंपनीच्या कार्यालयातून अच्युतचा फोन आला. विमानांच्या वेळा नोंदवायचं काम त्याचं. चाकांवर भार पडला, दार उघडलं, दार मिटलं की विमान ते आपलं आपण कळवतं. अच्युत फक्त यादी तपासतो.

"मॅडम, त्रास देतो जरा. तुमच्या विमानानं दोनदा उतरल्याचं कळवलंय. आठ अठ्ठावीसला धावपट्टीवर, ते बरोबर आहे. पण त्याआधी आठ चोवीसला एकदा आहे."

"यंत्राचा घोळ होता आज."

"तेच म्हटलं. पण त्या चोवीसलाच दार उघडलं, दार बंद झालं, पुन्हा उडालं, असंही आलंय. सगळं एकाच मिनिटात. पुसून टाकू ना?"

"पुसून टाक," अर्चना म्हणाली.

संध्याकाळी पूजा झाली. कलश, पाच पानं, फळं, कहाणी. शेजारच्या चार मुली आल्या होत्या, दंगा करून, जेवून गेल्यासुद्धा. निधी उशिरा आली. छान निळा कुर्ता, केस मोकळे. ती आल्यावर पद्मिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत. बाहेर पाट मांडलेला, समोर पितळी परात ठेवलेली. कुमारिकेचे पाय धुवायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचं, मग जेवायला वाढायचं. ही त्यांची दर वर्षीची रीत.

अर्चना आत गेली. "आई, चल ना. ती बसलीय केव्हाची."

पद्मिनीबाई ओट्याशी उभ्या होत्या. पाण्याचा तांब्या भरून पुढ्यात होता. "तुले एक विचारू? सकाळी मधात गाडी काहून थांबवली होती?"

"कुठं थांबवली?"

"मले का माहीत. स्टेशन नव्हतं ते. तूच बोलली नं माईकवर, रायपूर आलं, उतरा म्हणून. तुहाच आवाज होता. मंग दार उघडलं. चिखलाचा वास आला. सगळे उतरले."

अर्चनानं ओट्याची कड धरली. "तू?"

"मी नाई उतरली. फलाट नव्हता. तुह्या बाबानं मले लग्न झाल्यावर पह्यल्यांदा हेच शिकवलं, फलाट नसन तं पाय खाली टाकू नको, कोणी का म्हणे ना. मी अन् ते लेकराची माय, दोघीच बसून होतो. तिचं लेकरू निजलं होतं."

"किती वेळ?"

"एक माळ झाली माही पुरी." त्यांनी पदरानं हात पुसले. "खिडकीतून दिसून राहिलं होतं मले. मांडीपर्यंत रुतले होते सारे. मंग आले परत, एकामागं एक. चढले, आपापल्या जागी बसले. एकाच्या बी पायाले चिखल नव्हता."

बाहेर बांगड्या वाजल्या. निधी पाटावर सरकून बसत होती.

"अन् ते पोट्टी," पद्मिनीबाई अगदी हळू म्हणाल्या, "माह्या समोरूनच गेली, मागच्या दाराकडं."

"निधी माझ्या शेजारी होती, आई. पूर्ण वेळ."

"तू पाह्यलं?"

अर्चनानं खाली पाहिलं होतं. मग काट्यांकडे. शेजारी नाही.

पद्मिनीबाईंनी तांब्या उचलून तिच्या हातात दिला. "तूच धू तिचे पाय. माह्याच्यानं नाई होत."

"आंटी, ठंडा पानी भी चलेगा," बाहेरून निधी म्हणाली.

अर्चना बाहेर आली. समईच्या उजेडात निधी पाय परातीत ठेवून बसली होती आणि तिच्याकडे बघून हसत होती. अर्चना खाली बसली. तांब्या वाकडा केला. पाणी पायांवर पडलं, बोटांमधून ओघळलं, परातीत साठलं. तिनं तांब्या रिकामा होईपर्यंत ओतलं. मग पुसायला पंचा हातात घेतला आणि तसाच धरून राहिली.

पाय कोरडे होते.